विटा आधी कुणाला? युद्ध संपल्यावर नव्या भांडवलावर बसवलेला सरकारी पहारा

खतावणी (धागाकर्ता) :

गेले काही महिने १९४५ ते १९५५ या दहा वर्षांबद्दल जमेल तसं वाचतोय. लढाया, सेनापती, तहाच्या तारखा आपल्याला पाठ असतात. तोफा थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी काय केलं, याबद्दल मात्र फारसं लिहिलेलं दिसत नाही. म्हणून हा धागा. लांबलाय, आधीच सांगतो.

प्रश्न साधा आहे. देश युद्धातून बाहेर पडलाय. घरं पडलीत, रेल्वे झिजलीय, सहा वर्षं बहुतेक कारखान्यांत नवं यंत्र आलेलं नाही. प्रत्येकाला काहीतरी बांधायचंय आणि ते लगेच बांधायचंय. पोलाद, लाकूड, विटा आणि गवंडी मात्र मोजकेच. मग आधी कोण?

एरवी हे काम व्याजदर करतो. दर चढतो आणि ज्याचं गणित बसत नाही तो आपणहून रांगेतून बाहेर पडतो. ब्रिटनच्या मजूर सरकारने हा रस्ता मुद्दाम बंद ठेवला. बँक रेट २ टक्के होता आणि नोव्हेंबर १९५१पर्यंत तो तिथून हलला नाही. अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांना तर पैसा आणखी स्वस्त हवा होता. त्यांनी काढलेल्या अडीच टक्क्यांच्या रोख्यांवर मुदत छापली होती '१९७५ किंवा त्यानंतर'. म्हणजे मुद्दल कधी परत करायचं ते सरकारच्या मर्जीवर! लोक त्या रोख्यांना 'डाल्टन्स'च म्हणत.

आता पैसा स्वस्त आणि माल दुर्मिळ, अशी स्थिती झाली की रांग लावायला कुणीतरी शिपाई उभा करावाच लागतो. ब्रिटनने दोन केले.

पहिला पैशाच्या दाराशी. १९४६च्या कर्जउभारणी नियंत्रण कायद्याने युद्धकाळातली व्यवस्था शांततेतही चालू ठेवली. वर्षभरात ५०,००० पौंडांपेक्षा जास्त भांडवल बाजारातून उभारायचं असेल तर ट्रेझरीची (अर्थखात्याची) परवानगी हवी, आणि अर्ज तपासायला कॅपिटल इश्यूज कमिटी. त्याच वर्षी बँक ऑफ इंग्लंड सरकारी झाली. अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय गुंतवणूक परिषदही बसली. ती नुसतीच सल्लागार होती आणि दोनेक वर्षांत गुंडाळली गेली.

दुसरा शिपाई मालाच्या दाराशी. इमारत बांधायला परवाना, पोलादाला कोटा, लाकडाला कोटा. १९४७च्या नगररचना कायद्यानंतर ५,००० चौरस फुटांपेक्षा मोठा कारखाना उभारायचा तर बोर्ड ऑफ ट्रेडचा, म्हणजे व्यापार खात्याचा, दाखला. जिथे बेकारी जास्त तिथे दाखला सहज मिळे, लंडनच्या आसपास मिळता मिळत नसे.

कागदावर पहिला शिपाई फार रुबाबदार दिसतो. समिती, मार्गदर्शक सूचना, ट्रेझरीची सही. पण माझं मत असं झालंय की तो जवळजवळ शोभेचा होता. कंपन्यांकडे युद्धातला नफा साठून होता. यंत्रसामग्री झिजली तरी बदलायची सोय नव्हती, त्यामुळे घसाऱ्याचा पैसाही पडून होता. त्यात १९४८पासून सरकारनेच लाभांशाला आवर घालायला सांगितलं आणि वाटलेल्या नफ्यावर जास्त कर लावला, म्हणजे पैसा कंपनीतच राहिला. नेहमीच्या व्यवहारातलं बँकेचं कर्ज नियंत्रणाच्या बाहेर. ज्याला बाजारात जायची गरजच नाही त्याला बाजाराच्या दारावरचा शिपाई काय अडवणार? खरा धाक विटेचा, लाकडाचा आणि पोलादाचा होता. खिशात पैसे असूनही पत्रा मिळत नाही म्हटल्यावर मोठमोठे गप्प बसत.

पुढचं प्रतिसादांत.

शिलकी_माल :

वाचतोय. लाभांश रोखल्यामुळे नियंत्रणालाच वळसा घालायला पैसा मिळाला, हे मस्त आहे. एका हाताने बांधायचं, दुसऱ्या हाताने गाठ सैल करायची.

एक शंका. कोटा दिला म्हणजे माल मिळाला असं होतं का? माझा अनुभव असा की कागद आणि माल ही दोन वेगवेगळ्या गावची पाहुणेमंडळी असतात.

खतावणी :

@शिलकी_माल, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. १९४६-४७मध्ये पोलादाची मंजुरीपत्रं पोलादापेक्षा जास्त वाटली गेली होती. प्रत्येक खात्याला आपलं काम तातडीचं वाटे, त्यामुळे प्रत्येकाने थोडं थोडं जास्त मंजूर केलं. मग गिरणीच्या दाराशी पुन्हा रांग, आणि तिथे ज्याची ओळख जुनी त्याचा नंबर आधी. म्हणजे सरकारने रेशनचं कार्ड दिलं खरं, पण दुकानात धान्य कुणाला द्यायचं ते शेवटी दुकानदारानेच ठरवलं.

ओळंबा :

बांधकामात तीस वर्षं काढलेला माणूस म्हणून थोडं लिहितो.

दहा घरांचं सामान असताना वीस घरांचे पाये खणले तर किती घरं होतात? लोक म्हणतात दहा. साइटवर उभं राहिलेला माणूस सांगेल, कदाचित एकही नाही. वीस जागी थोडं थोडं सिमेंट जातं, वीस जागी भिंती लिंटेलपर्यंत येतात आणि छपराचं लाकूड आलेलं नसतं. उघड्या भिंती पावसात भिजतात. गवंडी रोज साइटवर येतो, हजेरी लागते, आणि दिवसभर कालचं रचलेलं झाकत बसतो. त्याला दुसरीकडे पाठवावं तर तिथेही तेच.

ब्रिटनमध्ये १९४६-४७ला अगदी हेच झालं. परवाना देणाऱ्यांनी कामं सुरू करायला परवानगी दिली, पण किती कामं आधीच अर्धवट आहेत हे एका जागी कुणी मोजत नव्हतं. लाकूड बरंचसं बाहेरून यायचं, त्यातलं पुष्कळसं डॉलर मोजून, आणि डॉलर नव्हते. घरबांधणीचा जोर नगरपालिकांवर होता. घरबांधणी ज्यांच्याकडे होती ते मंत्री बेव्हन यांचा दंडक असा की खासगी एका घरामागे पालिकेची चार. या हिशेबाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती नव्या पायांना लगाम न घालण्याला. बांधकामातलं नियंत्रण म्हणजे 'होय' किंवा 'नाही' नसतं. 'आत्ता नाही, ते पलीकडचं छप्पर चढू दे' हे म्हणता आलं पाहिजे.

खतावणी :

@ओळंबा, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा सरस आहे. यात पुढची कडी जोडतो.

१९४७ हे वर्ष म्हणजे संकटांची माळ. जानेवारी ते मार्च भयंकर थंडी, कोळसा खाणीतून निघाला तरी रेल्वेने हलेना, कारखान्यांची वीज तोडावी लागली, काही आठवडे बेकारांचा आकडा २० लाखांच्या वर गेला. त्यातून सावरतात तोच १५ जुलैला अमेरिकन कर्जाच्या अटीप्रमाणे पौंड डॉलरमध्ये बदलून देण्याची मुभा दिली. डॉलर असे वाहून गेले की २० ऑगस्टला मुभा बंद. कर्ज ३७५ कोटी डॉलरचं होतं आणि कित्येक वर्षं पुरेल अशी आशा होती.

तेव्हा कुठे सरकारला ओळंबा म्हणतात ते उमगलं. एडविन प्लाउडेन यांच्या हाताखालच्या नियोजन कार्यालयाच्या देखरेखीत इन्व्हेस्टमेंट प्रोग्रॅम्स कमिटी बसली. तिने सगळ्या खात्यांच्या बांधकाम-यंत्रांच्या मागण्या एका तक्त्यावर आणल्या. डिसेंबर १९४७ला १९४८सालच्या भांडवली गुंतवणुकीची श्वेतपत्रिका निघाली. आधी धरलेल्या आकड्यातून सुमारे १८ कोटी पौंड कापायचे असा बेत. घरं, शाळा, रस्ते, कारखाने, सगळ्यांवर कात्री. डाल्टन तोवर गेले होते (अर्थसंकल्पातली माहिती संसदेत मांडण्याआधी एका पत्रकाराला बोलून बसले) आणि स्टॅफर्ड क्रिप्स अर्थमंत्री झाले होते. क्रिप्स म्हणजे कात्री चालवायलाच जन्मलेला माणूस.

गंमत पुढे आहे. कात्री प्रत्यक्षात कागदाइतकी चालली नाही. अर्धवट कामं सोडता येत नाहीत, म्हणून आधी ती पुरी करू दिली. आणि यंत्रसामग्रीवर सरकारचा हात बांधकामाइतका कधी पोहोचलाच नव्हता. तिथे कारखानदाराला 'आधी माल निर्यात करा' एवढंच सांगता यायचं.

तिरकीट :

सगळं वाचलं. छान कष्ट घेतलेत, पण तुम्ही उगीच गुंता सोडवत बसलाय. सोपं उत्तर समोर आहे : जर्मनी. २० जून १९४८ला नवं चलन, तिथला अर्थव्यवहार सांभाळणाऱ्या एर्हार्डने भावनियंत्रणं उडवली, दुकानं भरली, काम सुरू. ब्रिटनने परवाने कवटाळले आणि मागे पडला. विषय संपला. नियंत्रण म्हणजे कमतरता वाटून घ्यायची कला, कमतरता संपवायची नव्हे.

खतावणी :

@तिरकीट, दुकानं भरली हे खरं. पण जर्मनीतसुद्धा कोळसा, पोलाद आणि वीज यांचे भाव बांधलेलेच राहिले. परिणाम काय झाला बघा. कापड, भांडी, रेडिओ बनवणाऱ्यांकडे नफा जमला, त्यांनी नव्या शेड बांधल्या. खाणी आणि वीजकेंद्रांकडे नफाच नाही, त्यामुळे गुंतवणूक नाही. कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि कोळसा-विजेचा तुटवडा सगळ्यांच्या मुळावर आला.

मग जानेवारी १९५२ला बॉनच्या (पश्चिम जर्मनीच्या) सरकारने गुंतवणूक-साहाय्य कायदा केला. उद्योगांकडून सक्तीने १०० कोटी मार्क गोळा केले आणि खाणी, पोलाद, वीज, पाणी, रेल्वे यांच्यात घातले. देणाऱ्यांना बदल्यात त्या कंपन्यांचे रोखे मिळाले. काही उद्योजक कोर्टात गेले. १९५४मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की राज्यघटनेने कुठल्याच एका अर्थव्यवस्थेचा पुरस्कार केलेला नाही, संसदेला हे करता येतं. मुक्त बाजाराच्या माहेरघरात हे चाललं होतं!

तिरकीट :

हे माहीत नव्हतं. अर्धी पायरी खाली येतो. पण एकदाच केलं आणि सोडलं, हा फरक तरी मान्य करा. ब्रिटनचं कॅपिटल इश्यूजचं प्रकरण १९५९पर्यंत चाललं. इमारत परवाने १९५४च्या नोव्हेंबरपर्यंत.

खतावणी :

मान्य. पूर्ण पायरी.

पाटी_पेन्सिल :

नियंत्रणाने माणसाच्या हातून काय काय घडतं याचं माझं लाडकं उदाहरण देते : लँड रोव्हर.

रोव्हर कंपनी युद्धाआधी बऱ्यापैकी उंची मोटारी बनवायची. युद्धानंतर पोलादाचा कोटा निर्यातीवर बांधलेला. क्रिप्स बोर्ड ऑफ ट्रेडला असतानाच मोटारवाल्यांना सांगून आले होते की निम्मं उत्पादन बाहेर गेलं पाहिजे. रोव्हरच्या गाड्या परदेशात फार कुणी मागत नव्हतं. म्हणजे निर्यात नाही, म्हणून पोलाद नाही, म्हणून गाडीच नाही.

मग शेतावर चालेल अशी, कुठेही खपेल अशी गाडी काढायचं ठरलं. अंग पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, कारण विमानांचं काम थांबल्यावर तो मिळत होता. त्याचे पत्रे हाताने वाकवता येत, म्हणजे महागडे साचे नकोत. चासी सुद्धा पट्ट्या जोडून पेटीसारखी वेल्ड केलेली, तिथेही साच्याचा खर्च वाचवला. सुरुवातीच्या गाड्या सगळ्या फिक्या हिरव्या, कारण विमानांच्या कॉकपिटचा उरलेला रंग हाताशी होता. एप्रिल १९४८च्या शेवटी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ठेवली. दोन-तीन वर्षं तग धरायला म्हणून काढलेल्या या गाडीने कंपनीच्या बाकी सगळ्या गाड्यांना मागे टाकलं.

कोटा ठरवणाऱ्या एकाही कारकुनाच्या डोक्यात हे नव्हतं.

शिलकी_माल :

वा! +१. पण हे नियंत्रणाचं यश म्हणायचं की नियंत्रण असूनही झालेलं यश?

पाटी_पेन्सिल :

दोन्ही बाजूंनी वापरतात हे उदाहरण. मला विचाराल तर, पोलाद मिळालं असतं तर त्यांनी जुनीच उंची गाडी काढली असती.

उलटतपासणी :

धागाकर्त्यांनी 'नाही' म्हणणाऱ्या नियंत्रणाबद्दल लिहिलंय. पण खरा कस लागतो तो 'होय' म्हणताना. सरकार तुम्हाला कारखाना बांधण्यापासून रोखू शकतं, बांधायला भाग कसं पाडणार?

ब्रिटनचंच घ्या. लँकेशायरच्या सूतगिरण्यांची यंत्रं जुनी झालेली. १९४८ला कायदा करून सांगितलं, नवी यंत्रं घ्या, चौथा हिस्सा सरकार देईल. अट एवढीच की गिरण्यांनी एकत्र यावं. अपेक्षेपेक्षा फारच कमी जण पुढे आले. मालकांना ठाऊक होतं की ही तेजी युद्धानंतरच्या उपासमारीची आहे आणि टिकणार नाही. नव्या चात्यांवर पैसा घालून बसायची त्यांची तयारी नव्हती. पुढे काय झालं ते पाहता मालक चुकले असं म्हणवत नाही.

याच्या उलट फ्रान्स. डिसेंबर १९४५ला बँक ऑफ फ्रान्स आणि चार मोठ्या ठेवी-बँका सरकारजमा, जानेवारी १९४६ला जाँ मोनेच्या हाताखाली नियोजन आयोग. त्याने सगळ्या देशाचं नियोजन करायचा आव आणला नाही. सहाच गोष्टी निवडल्या : कोळसा, वीज, पोलाद, सिमेंट, शेतीची यंत्रं, वाहतूक. आणि त्याच्या हातात पैसा होता. मार्शल मदतीचा (युद्धानंतर अमेरिकेने युरोपला दिलेल्या मदतीचा) माल देशात विकला की ते फ्रँक सरकारच्या वेगळ्या खात्यात पडत. फ्रान्सने ते खाणी, रेल्वे आणि धरणांत घातले. ऱ्होन नदीवरचं दाँझेर-माँद्रागाँचं जलविद्युत केंद्र १९५२ला चालू झालं ते त्यातूनच. ब्रिटनने आपल्या खात्यातला बहुतेक पैसा सरकारी कर्ज फेडायला वापरला.

म्हणून म्हणतो, मोनेकडे चेकबुक होतं, ब्रिटनकडे नुसता रबरी शिक्का.

खतावणी :

@उलटतपासणी, चेकबुक-शिक्का पटलं. एक टीप फक्त : ब्रिटनमध्ये भाववाढ दाबून ठेवायची होती, तो पैसा खर्चात न घालण्यामागे तो विचार होता. फ्रान्सने गुंतवणूक केली आणि भाववाढही भोगली. फुकट कुणालाच पडलं नाही.

तिरकीट :

चेकबुकाचं नाव निघालंच आहे तर जपान. जानेवारी १९४७ला रिकन्स्ट्रक्शन फायनान्स बँक निघाली. आधी कोळसा पोलादाला, मग पोलाद खाणीला, असं एकमेकांना ढकलत दोन्ही वर काढायचं. अर्थतज्ज्ञ आरिसावा यांची कल्पना. तीन कोटी टन कोळशाचं लक्ष्य जवळपास गाठलं, हे मी मान्य करतो. पण पैसा आला कुठून? बँकेचे रोखे मुख्यतः बँक ऑफ जपाननेच घेतले, म्हणजे नोटा छापल्या. भाव भडकले. आणि स्वस्त कर्ज कुणाला द्यायचं हे टेबलामागचा माणूस ठरवणार म्हटल्यावर टेबलाखालून हात येणारच. १९४८ला शोवा देन्को या खत कंपनीच्या कर्जाचं लाचप्रकरण निघालं आणि ऑक्टोबरात पंतप्रधान आशिदांचं मंत्रिमंडळ पडलं. (आशिदा स्वतः पुढे निर्दोष सुटले.) १९४९ला डॉज नावाच्या अमेरिकन बँकरने येऊन नवी कर्जं बंद केली.

पाटी_पेन्सिल :

आणि त्यानंतरचं चिबा? कावासाकी स्टीलच्या निशियामांना तोक्योच्या उपसागरात भराव घालून अख्खा नवा कारखाना काढायचा होता. देशात आधीच्या भट्ट्या थंड पडल्या असताना नवी कशाला, असं वरिष्ठांना वाटत होतं. बँक ऑफ जपानचे गव्हर्नर इचिमादा म्हणाले की त्या जागेवर गवत उगवेल, अशी आख्यायिका आहे. खरंच म्हणाले की नाही यावर वाद आहे. भट्टी १९५३ला पेटली आणि पुढे जपानी पोलादाला तोच नमुना झाला.

अधेली :

आपल्याकडचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मे १९४३ला भारत संरक्षण नियमांत भांडवल उभारणीवर नियंत्रण आलं. हेतू युद्धाचा, पैसा भलत्या कंपन्यांत जाऊ नये. १९४७ला त्याचा कायदा केला, नावातच होतं : 'नियंत्रण चालू ठेवण्याचा' कायदा. तीन वर्षांसाठी. मग मुदती वाढत गेल्या. १९५६ला तो कायम केला आणि नावातले 'चालू ठेवण्याचा' हे शब्द काढून टाकले! रद्द झाला १९९२ला. शेअर कुठल्या अधिमूल्याला (प्रीमियमला) काढायचा हेही तोवर दिल्लीतला नियंत्रकच ठरवायचा. भाव बाजारापेक्षा कमी ठरे, म्हणून ज्याला अर्जवाटपात शेअर लागला त्याला लॉटरी लागल्यासारखंच.

शिलकी_माल :

@अधेली, नाव बदलल्याची गोष्ट जबरदस्त. तात्पुरता पाहुणा घराच्या पाटीवर नाव लावून बसला.

खतावणी :

@अधेली, यावर स्वतंत्र धागा काढा, विनंती. १९५१च्या उद्योग विकास व नियमन कायद्यासकट. इथे घातलं तर बाकी सगळं वाहून जाईल.

ओळंबा :

एक मुद्दा राहतोय. खासगीवाल्यांना अडवणं कठीण असेल तर कात्री कुणावर चालते? जो स्वतःच्या मुठीत आहे त्याच्यावर. ब्रिटनने रेल्वे १ जानेवारी १९४८ला ताब्यात घेतली आणि त्यानंतर जेव्हा जेव्हा गुंतवणूक कापायची वेळ आली तेव्हा रेल्वेचा रूळबदल आणि रस्ते पुढे ढकलले गेले. मोटरवेंचा कायदा १९४९चा, पहिला तुकडा प्रेस्टनजवळ खुला झाला डिसेंबर १९५८ला.

तिरकीट :

म्हणजे राष्ट्रीयीकरण करून नियोजनाला हातभार लागला तो एवढाच, की कापायला हक्काचा बकरा मिळाला?

ओळंबा :

बकरा म्हणा. मी म्हणेन, अर्थमंत्र्याला ज्या वहीत खोडता येतं ती एकच वही होती. १९५५ला १२४ कोटी पौंडांची आधुनिकीकरण योजना जाहीर झाली, तोवर रेल्वे वाफेचीच इंजिनं नव्याने आखून बांधत होती. कोळसा घरचा, तेलाला परकीय चलन, हेही कारण होतंच. वाफेचं शेवटचं इंजिन स्विंडनच्या कारखान्यातून मार्च १९६०ला बाहेर पडलं. नाव ठेवलं 'ईव्हनिंग स्टार'. पाच वर्षांत ते सेवेतून काढलं.